बिल कबूल, प्रिंटर गप्प: लीडरलेस सहमतीत अडकलेली साखळी

लक्षण असं. काउंटरवर बिल केलं की पडद्यावर ‘कबूल’ असा हिरवा शिक्का उमटतो. म्हणजे पाच दुकानांतल्या पाच संगणकांपैकी (त्यांना नोड म्हणतात) निदान तीन नोडनी तो हुकूम, म्हणजे नोंदीत करायचा बदल, मान्य केलाय, आता तो मागं फिरणार नाही. पण बिलाला नंबर पडत नाही, साठा कमी होत नाही, प्रिंटर हलत नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी वीस. शेवटी कुणीतरी वैतागून एक नोड बंद करून चालू करतं आणि अडकलेली सगळी बिलं भडाभडा छापून बाहेर पडतात. मग पुढच्या पावसात पुन्हा तेच.

आमच्याकडं हे दोन पावसाळे चाललं. प्रोग्रॅम माझाच, त्यामुळं शिव्याही मलाच. ज्यांनी ईपॅक्सॉसच्या (लीडर, म्हणजे मुख्य नोड, न ठेवता सगळ्या नोडांचं एकमत करायच्या एका पद्धतीच्या) धर्तीवर स्वतःचं काही लिहिलंय आणि ज्यांना हे लक्षण ओळखीचं वाटतंय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी मांडणी सांगतो. शेतीपंपाच्या सुट्या भागांचा धंदा आहे. बेळगावात उद्यमबागेत गोदाम आणि तीन काउंटर, मग खानापूर, निपाणी, चिकोडी, आणि पाचवं दुकान सीमेपलीकडं चंदगडला. प्रत्येक दुकानात एक साधा संगणक, तोच नोड. पाच दुकानांना कन्सेन्सस, म्हणजे नोडांची सहमती, कशाला हवा, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. इंपेलर एकच शिल्लक असतो आणि तो निपाणीचं आणि चिकोडीचं गिऱ्हाईक एकाच वेळी बेळगावच्या गोदामातून बुक करतं, तेव्हा कशाला हवा ते कळतं.

पहिल्यांदा राफ्ट होतं (यात निवडून आलेला एकच लीडर नोड सगळ्या हुकमांचा क्रम ठरवतो), लीडर बहुतेक वेळा उद्यमबागेत. खानापूरच्या बाजूला पाऊस लागला की इंटरनेटची लाइन तासात चारदा जायची. खानापूरचा नोड एकटा पडला की निवडणुका मागत बसायचा, टर्मचा, म्हणजे निवडणुकीच्या फेरीचा, आकडा फुगवायचा, आणि परत आला की तो मोठा टर्म बघून चालू लीडर पायउतार व्हायचा. मग सगळीच दुकानं दोन-दोन सेकंद थांबायची. प्री-व्होट (निवडणूक मागण्याआधी बाकीचे मत देतील का ते नुसतं विचारून बघणं) चालू केलं असतं तर हे तिथंच मिटलं असतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी सगळं उचलून लीडरलेसवर नेलं होतं.

ईपॅक्सॉस २०१३ चा आहे. मोरारू, अँडरसन आणि कामिन्स्की यांचा. तत्त्व सोपं आहे. ज्या दुकानात बिल झालं त्याच दुकानाचा नोड प्रस्ताव मांडतो, कुणाला विचारत बसत नाही. बाकीचे उत्तर देताना सांगतात, ‘या हुकमाशी भिडणारे, म्हणजे त्याच नोंदीला हात लावणारे, अमुक अमुक हुकूम माझ्याकडं आधीच आहेत.’ पाच नोडांत मांडणारा धरून तिघांच्या याद्या जुळल्या की एका फेरीत काम फत्ते. नाही जुळल्या तर याद्या एकत्र करून दुसरी फेरी, तीही साध्या बहुमतानं. लीडर नाही, निवडणूक नाही. एक दुकान अंधारात गेलं तरी बाकीच्यांचं काही अडत नाही.

मात्र इथं ‘कबूल’ होणं आणि ‘अंमल’ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझा सगळा गोंधळ इथंच झाला. राफ्टमध्ये हुकूम लॉगात एका रांगेत बसलेले असतात. कबूल झाला की पुढचा अंमल सरळ. ईपॅक्सॉसमध्ये रांग नसते, ‘माझ्या आधी कोण’ एवढीच चिठ्ठी प्रत्येक हुकमाला चिकटवलेली असते. अंमल करताना त्या चिठ्ठ्यांवरून आलेख बांधायचा, चिठ्ठीतले सगळे हुकूम, आणि त्यांच्या चिठ्ठ्यांतलेही, कबूल होईपर्यंत थांबायचं, आणि मग क्रम लावायचा. दोन हुकूम एकमेकांच्या चिठ्ठीत असू शकतात. खानापूर म्हणतं बेळगाव आधी, बेळगाव म्हणतं खानापूर आधी. असं वर्तुळ झालं की ते पूर्ण वर्तुळ एक गठ्ठा धरून आतल्या हुकमांना दिलेल्या अनुक्रमांकानं सोडवायचं. अशी वर्तुळं शोधायला टार्जनचा १९७२ चा अल्गोरिदम आहे. (पुनरावर्ती फंक्शननं लिहू नका. साखळी हजारांत गेली की स्टॅक फुटतो. माझा फुटला.)

आता अडकलेल्या दिवसाचा लॉग बघा. ‘नि.४४१२’ म्हणजे निपाणीनं मांडलेला ४४१२ वा हुकूम, ‘रिकव्हरी’ म्हणजे दुसऱ्या नोडचा अर्धवट हुकूम तडीस नेणं, आणि ‘बॅलट’ म्हणजे त्या प्रयत्नाचा क्रमांक, मोठा असेल तो आधीच्याला बाद करतो:

नि.४४१२ | कबूल ११:४२:०७ | अंमल नाही | वाट: बे.८८३०, खा.९१२
बे.८८३० | कबूल ११:४२:०७ | अंमल नाही | वाट: नि.४४१२, खा.९१५
खा.९१२ | कबूल ११:४२:०९ | अंमल नाही | वाट: बे.८८३१, चि.२०६७
खा.९१५ | अर्धवट | बॅलट ७ | रिकव्हरी: बे
खा.९१५ | अर्धवट | बॅलट ९ | रिकव्हरी: नि
खा.९१५ | अर्धवट | बॅलट १२ | रिकव्हरी: चि

असा लॉग काढायची सोय तुमच्याकडं नसेल तर बाकी सगळं सोडा, आधी ती करा. प्रत्येक हुकमाची कबुलीची वेळ आणि अंमलाची वेळ वेगवेगळी नोंदवा. माझ्या डॅशबोर्डवर दोन वर्षं फक्त कबुलीचा वेळ होता, तो कायम सुरेख दिसायचा. २०२१ मध्ये टॉलमन, पार्क आणि ऑस्टरहाउट यांनी ईपॅक्सॉसची फेरतपासणी केली, त्यांचंही बोट इथंच होतं. गिऱ्हाईकाला उत्तर अंमल झाल्यावर मिळतं, मग फक्त कबुली मोजून काय उपयोग?

मी केलेले चुकीचे उपाय

पहिला संशय साहजिकच लाइनवर. टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ बघायची ती मर्यादा, ३०० मिलिसेकंदांवरून ३ सेकंदांवर नेला. अडकणं थोडं उशिरा सुरू व्हायला लागलं आणि जास्त वेळ टिकायला लागलं. मग खानापूरला दुसऱ्या कंपनीची जोडणी घेतली. खर्च वाढला, फरक शून्य.

नोड बंद-चालू केला की सुटतं, म्हणून मी बराच काळ मेमरीतला दोष शोधत होतो. खरं कारण वेगळंच निघालं. नोड बंद असतो ती दोन मिनिटं त्या दुकानातून नवे हुकूम येत नाहीत, रिकव्हरीच्या ओढाताणीतला एक गडीही कमी होतो. साखळीला मिटायला जरा उसंत मिळते, एवढंच. रीस्टार्टनं बरा होणारा आजार मेमरीचाच असतो, असं मनात धरून बसलो की महिने जातात.

धागा सापडला तो मालकांच्या एका प्रश्नानं. खानापूरच्या पोराचा फोन आला होता, “दादा, हिरवं झालंय की, पण कागद येईना. गिऱ्हाईक थांबलंय बघा.” मी नेहमीसारखं लाइन, पाऊस वगैरे सांगायला लागलो. शेजारी बसलेले अण्णा म्हणाले, “अरे, मग चंदगडचं का अडकेना? तिकडं तर आपल्यापेक्षा वंगाळ लाइन.”

खरंच. चंदगडची लाइन पावसाळ्यात सगळ्यांत जास्त जाते. पण तिथलं एकही बिल कधी अशा तऱ्हेनं अडकलं नव्हतं. लाइन गेली की थांबायचं, आली की लगेच छापायचं. लॉग काढला. चंदगडच्या जवळजवळ प्रत्येक हुकमाची ‘वाट’ची यादी रिकामी, नाहीतर चंदगडच्याच मागच्या हुकमाची. बाकी चारही दुकानांच्या याद्या मात्र भरगच्च, खानापूरच्या फूटवॉल्वच्या बिलात चिकोडीच्या केबलचा हुकूम. त्या दोघांचा एकमेकांशी संबंध काय?

संबंध होता बिल नंबरचा. चंदगड महाराष्ट्रात, म्हणून त्याची जीएसटी नोंदणी वेगळी, म्हणून बिलाची मालिका वेगळी आणि साठाही वेगळा. कर्नाटकातल्या चार दुकानांना नोंदणी एक, म्हणून मी बिनधास्त एकच मालिका ठेवली होती. ‘पुढचा नंबर’ ही एकच नोंद, आणि प्रत्येक बिल तिला हात लावणार. त्यामुळं प्रोटोकॉलच्या नजरेत या चार दुकानांतलं प्रत्येक बिल दुसऱ्या प्रत्येक बिलाशी भिडत होतं. भर म्हणजे मी प्रत्येक ओळीचा वेगळा हुकूम करत होतो, पाच वस्तूंच्या बिलाचे पाच हुकूम, आणि प्रत्येक ओळ बिल नंबरची नोंद वाचत होती.

एरवी हे खपून जायचं, कारण माणूस बिल करतो तो दहा-वीस सेकंदांनी एक, आणि फेरी शंभर मिलिसेकंदांत उरकते. दोन हुकूम एकत्र यायलाच नकोत. पण लाइन तासभर जाऊन परत आली की खानापूर साठलेल्या सगळ्या कच्च्या पावत्या एका दमात मांडायचं. हजारभर हुकूम. त्याच वेळी बेळगावचे तीन काउंटर आणि निपाणी चालूच. मग खा.९१२ च्या आधी बे.८८३१, त्याच्या आधी खा.९१५, त्याच्या आधी नि.४४१३... वर्तुळ मिटायच्या आत त्याला नवी कडी लागायची. साखळीतला प्रत्येक हुकूम कबूल, पण शेवटची कडी कायम अर्धवट. ही अडचण मूळ शोधनिबंधातही मान्य केलेली आहे आणि तिथला उपाय आहे जुन्या हुकमांना नव्यांपेक्षा आधी मार्ग देण्याचा. मी तो परिच्छेद वाचला होता. आपल्याकडं एवढा ताण कुठं येणार, असं म्हणून सोडून दिला होता.

इलाज

मोठा इलाज कोडमध्ये नव्हता, बिलाच्या मालिकेत होता. आमच्या सीएंना विचारलं. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणं बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांच्या आत, आर्थिक वर्षात एकमेव आणि ओळीनं हवा, पण मालिका एक किंवा अनेक चालतात. मग बे/, खा/, नि/, चि/ अशा चार मालिका केल्या. जीएसटीआर-१ या विवरणपत्राच्या तक्ता १३ मध्ये आता एका ओळीऐवजी चार ओळी भराव्या लागतात. अकाउंटंटची कुरकुर तेवढी झाली. प्रत्येक मालिकेचा पुढचा नंबर त्या-त्या दुकानाचाच नोड वाढवतो, दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. त्याच आठवड्यात एका बिलाचा एक हुकूम केला. ‘वाट’च्या याद्या एका दिवसात ओस पडल्या.

तुमच्याकडं बिल नंबर नसेल, पण असंच काहीतरी असेल. एकूण बेरीज, ‘शेवटचा बदल कधी’ ही नोंद, टोकन नंबर, सगळे जिला हात लावतात अशी एखादी नोंद. ती शोधायची सोपी रीत सांगतो. अडकलेल्या हुकमांपैकी कोणतेही दोन घ्या, ज्यांचा तुमच्या डोक्यात काही संबंध नाही असे. प्रोग्रॅमला ते का भिडतात ते विचारा. जी नोंद दोघांत समान निघेल ती तुमची गुन्हेगार. आणि ती नोंद खरोखर सगळ्यांना एकच हवी असेल, वाटून देता येत नसेल, तर लीडरलेसचा हट्ट सोडा. सगळेच हुकूम एकमेकांशी भिडणार असतील तर एकच रांग आणि एकच लीडर स्वस्त पडतो. हे मी लीडरलेसच्या बाजूचा असूनही सांगतोय.

साठ्याचं मी वेगळं केलं. गोदामात बेअरिंग चाळीस असतील तर एक कमी करणं आणि दुसरं कमी करणं यांचा क्रम कसाही असला तरी उत्तर एकच. क्रम महत्त्वाचा होतो तो शेवटच्या दोन-तीन नगांना. म्हणून साठा दुकानांना वाटून दिला. बेळगावच्या गोदामातले दहा नग निपाणीच्या नावावर, दहा चिकोडीच्या. आपल्या वाट्यातून विकायला कुणाला विचारायला नको. वाटा संपला तरच शेजाऱ्याकडून मागायचा, आणि तेवढ्यालाच सहमती. कल्पना जुनीच आहे, ओनीलनं १९८६ मध्ये एस्क्रो या नावानं मांडलेली.

आणि तरीही जुन्या हुकमांना आधी मार्ग देणं कोडमध्ये घातलंच. एखाद्या नोंदीवरचा कबूल हुकूम दोन सेकंद अंमलाविना पडून राहिला, तर तो मिटेपर्यंत त्याच नोंदीवर नवा प्रस्ताव मांडायचा नाही, काउंटरवर ‘थांबा’ दाखवायचं. आज तुमच्याकडं साखळी अडकलेली असेल तर हेच हातानं करा. ज्या दुकानातून हुकमांचा पूर आलाय तिथं नवं बिल मिनिटभर थांबवा. नोड बंद करू नका.

खा.९१५ चं काय झालं

वरच्या लॉगात शेवटच्या तीन ओळी आहेत, त्या दुसऱ्या रोगाच्या. खानापूरची लाइन मध्येच परत गेली, खा.९१५ अर्धवट राहिला. अंमलासाठी तो सगळ्यांनाच हवा. तीन सेकंद झाले आणि बेळगाव, निपाणी, चिकोडी तिघांनी एकदम ‘मी तडीस नेतो’ म्हणून मोठा बॅलट काढला. दारातून एकाच वेळी आत घुसणाऱ्या तिघांसारखं. एकाचा बॅलट बाकीच्यांनी मान्य करेपर्यंत दुसरा त्याहून मोठा काढतो, पहिला बाद होतो, तो पुन्हा त्याहून मोठा. टाइमआउट सगळ्यांना सारखाच होता, म्हणून शर्यतही दर वेळी बरोबरीत. तो ३ सेकंदांवर नेऊन मी फक्त प्रत्येक फेरी लांबवली होती.

हे पूर्ण टाळता येत नाही. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केलंय की निरोप किती उशिरा पोचेल याला बंधन नसेल आणि एक जरी नोड पडू शकत असेल, तर नशिबावर काहीच न सोडणारा, प्रत्येक पाऊल आधीच ठरलेला कोणताही अल्गोरिदम नेहमीच निर्णयाला पोचेल अशी हमी देता येत नाही. त्यातून वाट म्हणजे नशिबाला थोडी जागा द्यायची. बेन-ऑरनं १९८३ मध्येच नाणेफेकीची वाट दाखवली होती. माझ्याकडं आता असं आहे: प्रत्येक नोडला ठरलेला उशीर, नोड क्रमांक गुणिले ४०० मिलिसेकंद, वर शून्य ते पाचशेच्या मधला यादृच्छिक आकडा. हरलात तर पुढच्या खेपेला दुप्पट थांबायचं. आणि पहिला टाइमआउट ठरावीक नाही, त्या दुकानाच्या गेल्या काही मिनिटांतल्या फेरीच्या वेळेवरून काढलेला. लॉगात एका हुकमावर तीनपेक्षा जास्त बॅलट दिसणं तेव्हापासून बंद झालं.

एकाच नंबरची दोन बिलं

हे एकदाच झालं, मालिका वेगळ्या करायच्या आधी, पण अडकण्यापेक्षा वाईट होतं. अडकलेलं बिल निदान दिसतं तरी.

खानापूरला वीज गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली, संगणक धाडकन बंद. परत चालू झाला तेव्हा त्याचे शेवटचे सात हुकूम डिस्कवर नव्हते. मी लिहिलेलं होतं, पण डिस्कवर पक्कं उतरल्याची खात्री न करता दुसऱ्यांना उत्तर पाठवलं होतं. वेगासाठी एफसिंक काढून टाकला होता, कबूल करतो. नोड उठला आणि आपला मोजणी आकडा मागचाच धरून त्याच क्रमांकांवर नवे हुकूम मांडायला लागला. बाकीच्यांकडं त्याच जागी त्याचेच जुने हुकूम अर्धवट पडलेले. माझ्या कोडनं ते मुकाट्यानं खोडून नवे घेतले, आणि आधी छापून गेलेला नंबर पुन्हा छापला गेला.

आता उत्तर पाठवण्याआधी एफसिंक, अपवाद नाही. नोड कितव्यांदा स्टार्ट झालाय तो आकडाही हुकमाच्या ओळखीत घातलाय, म्हणजे जुनी जागा पुन्हा वापरली जाणार नाही. आणि ज्या नोडची डिस्क गेली किंवा मागं सरकली, तो जुन्या नावानं मतदार म्हणून परत घ्यायचा नाही. त्यानं कुणाला काय शब्द दिला होता ते तो विसरलाय. नवा सभासद म्हणून, सगळी नोंद बाकीच्यांकडून घेऊन, मगच आत. तपासणी एकच आणि ती खरीखुरी करायची: बिलं चालू असताना प्लग उपटा. प्रोग्रॅम बंद करून होत नाही, प्लगच. आम्ही दर महिन्याला करतो. खानापूरच्या पोराला हे काम फार आवडतं.

त्याच चौकशीत आणखी एक सापडलं, ते माझं नव्हे, पण मी जसंच्या तसं उतरवलं होतं. ईपॅक्सॉसच्या मूळ मांडणीत प्रत्येक हुकमामागं एकच बॅलट ठेवलाय. पिएर सुत्रा यांनी २०१९ मध्ये दाखवलं की एवढ्यानं भागत नाही. दोन हवेत: कुठल्या बॅलटपर्यंत शब्द दिलाय, आणि प्रत्यक्ष मत शेवटचं कुठल्या बॅलटला दिलं. एकच ठेवला तर नुसता शब्द दिला तरी जुनं मत नव्या बॅलटचं असल्यासारखं दिसतं, आणि रिकव्हरी करणारा चुकीचा हुकूम उचलू शकतो. तुम्ही जुनं कोड बघून लिहिलं असेल तर आज उघडा आणि त्या रचनेत बॅलटचे रकाने किती आहेत ते मोजा.

सध्याची स्थिती सांगायची तर हा जून-जुलै गेला, खानापूर बावीस वेळा तुटलं आणि जोडलं गेलं, बिल एकही अडकलं नाही. एक जागा अजून दुखते. अण्णांना संध्याकाळी एकूण साठ्याचा गोषवारा लागतो. तो प्रत्येक वाट्याला हात लावतो, म्हणून त्या क्षणी तो सगळ्याच बिलांशी भिडतो आणि दोन-चार बिलं दुसऱ्या फेरीत जातात. तूर्त तो गोषवारा सहमतीच्या बाहेर काढून उद्यमबागेच्या नोडमधल्या प्रतीवरून देतोय. आकडा काही सेकंद जुना असतो. अण्णांना सांगितलंय, शटर ओढल्यावर बघा.